ज्येष्ठा-कनिष्ठेचे दोन दिवे

आत्या गेली तेव्हा आमचं सर्किट फक्त लॅपटॉपवर चालत होतं. टेबलावर एकही तार जोडलेली नव्हती.

आज वर्ष झालं.

मला लहानपणी दमा होता. तिसरीपर्यंत माझी शाळा म्हणजे संध्याकाळी बँकेतून येणारी आत्याच.

पुढे बँकांचं विलीनीकरण झालं, तिची शाखा बंद झाली. बदली घेण्याऐवजी तिने नोकरी सोडली, इलेक्ट्रॉनिक्स शिकायला घेतलं आणि मलाही ओढलं.

प्रोजेक्ट एकच. महालक्ष्म्यांसमोर आलटून पालटून लुकलुकणारे दोन एलईडी. ज्येष्ठेचा एक, कनिष्ठेचा एक.

पण मला भीती. पार्ट जळला तर?

"परेशान नको होऊ. आधी कॉम्प्युटरवर जाळ," आत्या म्हणाली.

सर्किट स्क्रीनवरच चालवून दाखवणारी दोन फ्री सॉफ्टवेअर बघितली. एकात करंटचे पिवळे ठिपके तारांमधून पळायचे. मला तेच आवडलं. दुसऱ्यात नुसते ग्राफ, आणि ग्राउंडची तार जोडायला विसरलं की सरळ एरर.

"हे रागावणारं घे. लाड करायला मी आहे ना."

महिनाभर शिकलो. सर्किट काढलं, रन केलं.

दोन्ही एलईडी लागले. आणि लागलेलेच राहिले. लुकलुकणं नाहीच.

मी सगळं दहादा तपासलं. दोन्ही बाजू अगदी एकसारख्या होत्या.

"तिथेच तर अडलंय," आत्या म्हणाली. "आधी कोण विझणार, तेच ठरत नाहीये. एका बाजूचा कपॅसिटर थोडा मोठा घे."

"असं कसं? दोघींना सारखंच द्यायला हवं ना?"

ती खूप हसली. "अगं वेडे, एक थोरली, एक धाकटी. सारख्या कुठे आहेत? बदल."

बदलला. लुकलुकले.

त्याच आठवड्यात ती गेली. गेल्या वर्षी महालक्ष्म्या दिव्यांशिवाय बसल्या.

त्यानंतर मी सिम्युलेशन कितीदा चालवलं. पण खऱ्या तारा जोडायच्या सोल्डरिंग गनला हात लावला नाही.

परवा मात्र नया बाजारात गेले. दोन कपॅसिटर मागितले, एक थोडा मोठा.

दुकानदार म्हणाला, "दीदी, दोनों सेम ले लो ना, जोड़ी अच्छी लगेगी."

"नहीं भैया. एक बड़ा ही चाहिए."

आज सकाळी बोर्ड जोडला. एक ट्रान्झिस्टर जळला. दुसरा लावला.

स्विच दाबला. थोरलीचा लागला. मग धाकटीचा.

आत्या, यंदा महालक्ष्म्यांसमोर आपलेच दिवे. हात भाजलाय, पण थोडासाच.

तुला मनापासून नमस्कार.