रात्रपाळीनंतरचे दिवस

हरिहरपंत ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये एकतीस वर्षं नोकरीला होते. त्यांतली चोवीस वर्षं त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. रात्री साहेब नसत, टोकणारं कोणी नसे, आणि मीटरच्या काट्यांवर नजर ठेवून एकट्यानं बसणं त्यांना मानवे. सकाळी डोंबिवलीला घरी यायचं, आंघोळ करून जेवायचं आणि खिडक्या लावून चारपर्यंत झोपायचं. एकुलती मुलगी सुमेधा हळू आवाजात बोलायला शिकली, मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली.

त्रेसष्ट साली पंत निवृत्त झाले आणि दिवसा घरात जागे राहू लागले. त्यांच्या पत्नी उत्तराबाईंना ते अवघडच गेलं. इतकी वर्षं त्यांच्या दुपारी शेजारच्या गंगुबाईंकडे जात. आता निघाल्या की पंत विचारत, "कुठं?" मग त्या थांबत. ते वर्तमानपत्र उघडत, त्या तांदूळ निवडत.

पुढच्या जानेवारीत उत्तराबाईंनी राणीची बाग बघायची इच्छा सांगितली. पंत लगेच हो म्हणाले. रविवारी डबा घेऊन दोघं भायखळ्याला उतरले.

बागेत एका हौदाला पाणी चढवणारा पंप चालू होता. पंत तो बघत उभे राहिले. मोटार कुठली, पट्टा ढिला का, असं त्यांच्या मनात चाललेलं. मागे वळले तर उत्तराबाई नव्हत्या. माकडांचे पिंजरे झाले, हत्ती झाला, पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी विश्राम नावाच्या पहारेकऱ्याला गाठलं.

"बाई दिसायला कशा? लुगडं कोणतं?" त्यानं विचारलं.

पंतांना आठवेना. हिरवं असेल, किंवा निळं. मध्यम उंची, म्हणाले. केस पिकलेत का, हेही त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. विश्रामनं आणखी काही न विचारता फाटकाकडे बघून यायला सांगितलं.

फाटकापाशी तुळसा नावाची शेंगदाणेवाली बसली होती. तिच्याशेजारी पाठमोऱ्या उत्तराबाई. पंत जवळ पोचले तेव्हा त्या सांगत होत्या, "काळी टोपी, मागून तेलकट झालेली. करडा कोट, खालचं बटण मी काळ्या दोऱ्यानं लावलंय. चालताना उजवा खांदा उतरतो. घाबरले की सारखं घड्याळ काढून बघतात."

पंतांच्या हातात तेव्हा घड्याळच होतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटाच्या बाकावर बसून दोघांनी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. पंतांनी पहारेकऱ्याची हकीकत सांगितली, काही न वगळता. सांगताना ते रुळांकडे बघत होते.

उत्तराबाईंनी रिकामा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "चोवीस वर्षं तुम्ही उजेडात झोपलात. बघणार कधी?"

त्यात राग नव्हता, म्हणूनच पंतांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन गंगुबाईंकडे गेले आणि दुपारी उत्तरा इथं काय करायची ते विचारलं. गंगुबाईंनी कोपऱ्यातला लोखंडी खलबत्ता दाखवला. तो उत्तराबाईंचाच होता. मसाला, दाण्याचं कूट, चटणी, सगळं त्या इथं येऊन कुटत, पंतांची झोप मोडू नये म्हणून. सणासुदीला पुरण वाटायला पाटासुद्धा इथलाच.

पंतांनी खलबत्ता उचलून घरी आणला. दोनदा वाटेत टेकवावा लागला.

"इथंच कूट," ते म्हणाले. "गंगुबाईंनाही बोलाव. मी आता जागाच असतो."

त्या आठवड्यापासून दुपारी बायका त्यांच्याकडे जमू लागल्या. घणघण आणि हसणं ऐकत पंत बाहेर ओटीवर बसत. कधी कोणी काही विचारलं तर आतल्या बोलण्यात एखादं वाक्य टाकत. पहिले काही दिवस त्या आवाजानं त्यांचं डोकं उठे, पण ते बोलले नाहीत. उत्तराबाईंनी ते ओळखलं आणि काही न सांगता, पंत संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरायला जात, त्या वेळेवर कुटणं नेलं. दुपारी बायका नुसत्या गप्पा मारायला येत राहिल्या.