पुरावा जोडा

बावीस वर्षं कारखान्यात कोटांना हाताने काजं करणाऱ्या बाईला साहेबांनी बजावलं, कामगारांसाठीचा नवा अभ्यासक्रम पास व्हा, नाहीतर घरी बसा. ती दोनदा परीक्षेला बसली आणि दोन्ही खेपांना तिचं घोडं एकाच प्रश्नावर अडलं. नेमलेल्या धड्यात लेखकाने ठोकून दिलं होतं, "शिवणकाम हे अकुशल काम आहे." खाली प्रश्न होता: हे विधान तुम्हाला मान्य आहे का? पुरावा जोडा. दोन्ही वेळा तिने निमूटपणे नुसतं "मान्य आहे" लिहिलं आणि पुराव्यावाचून नापास झाली. छापलेल्याला खोटं कोण म्हणणार?

तिसरी संधी शेवटची होती. या वेळी उत्तर घरून लिहून द्यायचं होतं. कोरा कागद पुढ्यात घेऊन ती रडकुंडीला आली.

"आई, तुला खरंच पटतं का हे?" लेकीने विचारलं.

"पटतंय कसलं डोंबल! वाचलं की तळपायाची आग मस्तकात जाते."

"मग तेच लिही ना."

"लिहीन गं, पण पुरावा कुठून आणू? माझ्याकडे आहे काय?"

शेवटी तिने एवढंच लिहिलं, "मला मान्य नाही." मग कोटाच्या कापडाचा तुकडा घेतला, त्यावर जीव ओतून एक काज केलं आणि तो तुकडा चार टाक्यांनी उत्तराखाली कागदालाच शिवून टाकला.

आठवड्याने पेपर परत आला. टाके उसवून तुकडा कुणीतरी काढून टाकला होता. कागदावर सुईची भोकं तेवढी उरली होती, आणि त्यांच्याच शेजारी लाल शाईत शेरा होता: "नापास. पुरावा जोडलेला नाही."