साडूंची अळी

जगात किडे मारणारे पुष्कळ आहेत, पण किडे मारणाऱ्याचं मनापासून कौतुक करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. उभी नोकरी त्यांनी न्हावा शेवा बंदरात काढली. परदेशातून लाकूड आलं की कंटेनर चिकटपट्टीने हवाबंद करायचा, आत विषारी वायू सोडायचा आणि आतले किडे मेल्याची खात्री करून, हवा खेळवून मगच माणसांना आत जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बंदर सुटलं, काम अंगातून गेलं नाही. पनवेलच्या त्यांच्या घरी आपण गेलो की ते दार उघडतात, आतल्या खिडक्या उघडतात आणि आपल्याला जिन्यातच उभं करतात. "जरा हवा बदलू द्या," म्हणतात. आत ताई बटाटेवडे तळत असतात, त्यापलीकडे काही नसतं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या संसाराची हवा अशी रोज बदलली जाते.

अशा या माणसाला एका पावसाळ्यात गव्हाणला, बंदरातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या वाडीत, आंब्याखालच्या पाल्यात एक मेलेली अळी सापडली. तिच्या डोक्यातून नारिंगी दांडी वर आलेली, पण सुकून अर्धी मोडलेली. त्यांनी जिथे मिळेल तिथे वाचलं, भेटेल त्याला विचारलं. ही एक बुरशी. तिचं बी अळीच्या अंगावर पडतं, कातडी भेदून आत शिरतं, आणि अळी खातपीत हिंडत असतानाच तिला आतून पोखरायला लागतं. अळी मातीत शिरते, मरते, ताठ होते. वरची कातडी शाबूत, आत नुसती बुरशी. पुरेसा ओलावा मिळाला की डोक्यातून दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकावरून नवं बी उडतं. साडू भारावून गेले. "ना वायू, ना चिकटपट्टी, ना तोंडाला मास्क," ते मला म्हणाले, "आम्ही आयुष्यभर नुसता गोंधळ घातला हो." त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. ती दांडी ताजी, नुकती वर आलेली, एकदा आपल्या डोळ्यांनी बघायची. त्यासाठी वाडीतल्या अळ्या डब्यातून घरी आणून ते बाल्कनीतल्या कुंड्यांत ठेवायला लागले.

हा ध्यास त्यांनी एकट्याने घेतला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण एकदा जेवताना त्यांनी माझ्या पानातलं भरलं वांगं उचललं, सगळ्यांसमोर मधोमध फोडलं आणि म्हणाले, "बघा, बाहेरून वांगं ते वांगंच. आत मात्र सगळा मसाला. अळीचं अगदी हेच होतं." मी तेव्हापासून भरलं वांगं खाल्लेलं नाही. ताईंनी त्या दिवशी नेहमीची धमकी दिली, "यांच्या सगळ्या कुंड्या एक दिवस कचऱ्याच्या गाडीत घालते की नाही बघा." वाडीच्या मालकालाही काळजी वाटायला लागली होती. "साहेब, आमी अळ्या मारून टाकतो, नी तुमी डब्यात घालून घरी नेता," तो म्हणाला. "घरी सगला बरा हाय ना?"

बरं काहीच नव्हतं. आणलेल्या अळ्या कधी कुजायच्या, कधी मुंग्या न्यायच्या. एक तर ठणठणीत निघाली. तिने कोष केला आणि एका सकाळी बाल्कनीत तिचं सुंदर पिवळं फुलपाखरू झालं. शेजारीपाजारी मोबाइल घेऊन धावले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. साडू आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. "दगा दिला," एवढंच बोलले.

मग मागच्या पावसाळ्यात एक खरी मिळाली. ताठ, कडक, अंगावर बुरशीची पांढरी तार दिसणारी. कुंडीत बाल्कनीच्या सावलीत ठेवली, आणि त्याच आठवड्यात साडूंच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर हृदयाबद्दल विचारत होते आणि हे कुंडीबद्दल सांगत होते. माती सुकली तर गेलं, पाणी साचलं तर गेलं, ऊन लागलं तर गेलं. या पावसाळ्यात नाही दिसलं तर पुढचा पावसाळा आपल्याला आहे की नाही कोण जाणे, असंही म्हणाले. ताई म्हणाल्या, "गप्प पडा. मी बघते." आम्हाला वाटलं, झालं, गेली कुंडी गाडीत.

पाचसहा दिवसांनी भेटायच्या वेळी ताई डब्याची पिशवी छातीशी धरून आल्या. दारावरच्या गार्डने विचारलं, "काय आहे आत?" जन्मात खोटं न बोललेल्या ताई म्हणाल्या, "पथ्याचं आहे." कॉटजवळ येऊन त्यांनी पिशवीतून कुंडी काढली. मातीतून तांदळाच्या दाण्याएवढी, झेंडूच्या रंगाची दांडी उभी होती.

साडूंनी चष्मा लावला. दांडी टोकापासून मातीपर्यंत बघितली.

"कधी आली?"

"दूध घ्यायला उठले तेव्हा नुसता ठिपका होता. रोजच बघत होते, आज दिसला. मग तिथेच बसले."

"तू रोज बघत होतीस?"

"मग काय करणार? घरात दुसरं होतं कोण?"

साडूंचं लक्ष दांडीवरून उडालं. ते ताईंकडे असं बघत होते की उशाशी लावलेलं यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली, कुंडी पाहून थबकली. "हे काय आणलंय?"

"अळी आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडातून हा शब्द पहिल्यांदाच न थुंकता बाहेर पडला. मला त्या दोघांचा सरळसरळ हेवा वाटला.

साडू घरी आले. दांडी थोड्याच दिवसांत सुकून गेली, तशी ती जातेच. त्यांना आता वाकायची आणि चढ चढायची मनाई आहे. यंदा पावसात मी त्या दोघांना वाडीवर सोडायला गेलो तर ते बांधावर खुर्ची टाकून बसले आणि ताई पदर खोचून पाला उलटायला लागल्या. "डावीकडे बघ," हे म्हणायचे. "बघितलं," त्या म्हणायच्या. "मग परत बघ." अंधारून आलं, हाती काही लागलं नाही, पण घरी निघायचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही.