बागवान सर आणि भाकड चंद्री

“नामाकूल! सगळी गल्ली नामाकूल!”

बागवान सर ओरडत होते. शेजाऱ्यानं नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली, एवढाच गुन्हा. सरांचा आवाज असा, की कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत ओरडले तर शाहूपुरीतली शटरं आपोआप खाली येत आणि कोडोलीत कोंबड्या खुराड्यात शिरत. खोटं वाटलं तर कोंबड्यांना विचारा.

उर्दू शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. ‘इर्रॅशनॅलिटी’ हा शब्द फळ्यावर आला की तास त्यातच बुडायचा. “इंग्रज फकस्त तुझं डोकं तपासतो, लेका. इचाराला धरून न्हाई म्हणतो नि गप बसतो. उर्दू तुझी वागणूक बी तपासती. नामाकूल म्हंजे अकलेला पटत न्हाई, आणि माणसाला शोभत बी न्हाई!”

घरी हेच बोलले की मग बोट घरामागच्या गोठ्याकडं जाई. तिथं सरांच्या बायकोची, आमच्या भाभींची चंद्री. भाकड म्हैस, दूध नाही, रेडकू नाही, भूक मात्र साखर कारखान्याएवढी. दिवाळीच्या पाडव्याला भाभी तिची शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून तिला रस्त्यावर आणायच्या आणि लांबून हाक मारायच्या. चंद्री गर्दी फोडत धावत यायची. भल्याभल्या गवळ्यांच्या माना खाली. “म्हस न्हवं, सून हाय माझी,” भाभी म्हणायच्या. सर कपाळ बडवून घ्यायचे.

भाभी लेकीकडं कोडोलीला गेल्या आणि सरांनी चंद्री गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. “लई शहाणपणाचं केलंसा,” म्हणून मीच टाळी दिली. संध्याकाळी भाभींचा फोन. “चंद्रीला पाणी दावलं न्हवं?”

“व्हय की,” सर म्हणाले. फोन ठेवला आणि पुढ्यातलं ताट सरकवलं.

सकाळच्या एसटीनं आम्ही गडहिंग्लजच्या बाजारात. व्यापारी मिश्कील. “पावणं, तुमची म्हस हाय न्हवं? मारा हाक. आली तर पैसं द्या नि घिऊन जावा.”

सरांनी हाक मारली. बाजारातली झाडून सगळी जनावरं, त्यांचे मालक आणि चहावाला वळून उभे राहिले. चंद्री रवंथ करत बसलेली. शेवटी सरांनी आवाज बारीक केला आणि अगदी भाभींसारखं बोलावलं, “ये गं बाईऽऽ!”

चंद्री ताडकन उठली. पण सरांकडं आली नाही. त्यांच्या पाठीमागं बघत राहिली, बराच वेळ. मागं मीच होतो. मग ती पुन्हा खाली बसली. मला आधी हसू फुटलं होतं. सरांचं तोंड बघून ते जागीच गिळलं.

आम्ही मोकळ्या हातानं परतलो. भाभी कोडोलीहून आल्या. रिकाम्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या. सरांनी सगळं सांगितलं, हाकेसकट, आणि भर अंगणात स्वतःवरच ओरडायला लागले. “इंग्रजीत माझी चूक सापडंना, आणि उर्दूत तोंड दाखवाया जागा न्हाई! शिवी दे! काठी घे!” गल्ली दारादारांत गोळा झाली.

भाभींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“तितं वैरण खात हुती का ती, तेवढं सांगा.”