अठीच त आहे… सत्तावीस किलोमीटर!

मागच्या रविवारी सकाळी, भंडाऱ्याजवळच्या शहापुरात, आमच्या स्वयंपाकघरात रस्त्याचा नवीन कर लागू झाला. देशात अजून झालेला नाही, घाबरू नका… फक्त आमच्या घरी.

झालं असं की पोहे परतता परतता मी मोबाईलवर एक बातमी मोठ्यानं वाचली. बाहेरच्या देशात म्हणे काही ठिकाणी पेट्रोलवरचा कर काढून, गाडी जितके किलोमीटर चालेल तितका कर घ्यायचा विचार चालू आहे. इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल पीतच नाहीत, मग रस्त्याचे पैसे द्यायचे कोणी?

माझी स्कूटर इलेक्ट्रिक. रोज भंडाऱ्याला शाळेत शिकवायला जाते-येते, रस्ता फुकटात वापरते. मी लगेच म्हटलं, काय हा अन्याय!

पण माझे सासरे, आमचे बाबूजी, एकदम खूश. त्यांचं म्हणणं, धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टर दिवसभर बांधीतच, म्हणजे शेतातच फिरतो, तरी डिझेलमधून रस्त्याचा कर कापला जातो… बांधीत कोणता रस्ता आहे? कर किलोमीटरवरच पाहिजे. मी पोहे वाढले.

तेवढ्यात नवरोबांनी संधी साधली. बाबूजी पंच्याहत्तरीचे. दर रविवारी जुन्या मोपेडवर एकटेच बहिणीकडे जातात, आणि आमच्या ह्यांचा जीव टांगणीला लागतो. बसनं जा म्हटलं की बाबूजींचं एकच उत्तर, ‘अठीच त आहे.’ आमच्याकडे ‘अठीच’ म्हणजे इथंच, पण ते इथंच कुठवर जाईल याचा नेम नाही.

तर नवरोबा म्हणाले, तुम्हालाच किलोमीटर मोजायचे आहेत ना, मग आत्याकडचे मोजू. पंधराच्या आत भरले तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. वर गेले तर मोपेडची चावी माझ्याकडे.

बाबूजी हसले. “आठ असन. लय झालं त नऊ.”

मोपेडचा मीटर कित्येक वर्षांपासून बंद. म्हणून माझी स्कूटर निघाली, मी चालवणार आणि बाबूजी मागे, मांडीवर पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची पिशवी. निघताना आकडा शून्यावर आणला. बाबूजींनी चष्मा लावून खात्री करून घेतली, सुनेवर एवढा विश्वास!

पहिले काही किलोमीटर स्वारी मजेत होती. नऊ झाले, तेव्हा म्हणाले की झालंच आता. पंधरा झाले… मागून मान लांबवून आकडा बघू लागले. वीस झाल्यावर मलाच कसंतरी व्हायला लागलं. आठवड्यात त्यांचा स्वतःचा असा रविवार हाच एक, आणि तो मी माझ्या हातानं मोजून काढून घेत होते. एकदा तर वाटलं, बॅटरी संपली सांगून परत फिरावं.

आत्यांच्या फाटकाशी आकडा होता सत्तावीस.

बाबूजी उतरले आणि त्या आकड्याकडे बघत उभेच राहिले. आत्या बाहेर आल्या, काय झालं विचारलं, मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या म्हणाल्या, “दादा खोटं नाही बोलत. आठच होते.”

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्यांचं जुनं गाव नदीकाठी होतं, शहापूरहून आठ किलोमीटरवर. गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं, गाव उठलं, आणि पुनर्वसनात त्यांना घर मिळालं ते इकडे. मोपेडचा मीटर बंद पडला तो गाव उठायच्या आधीच, आणि बाबूजींनी तो कधी दुरुस्तच केला नाही.

मी विचारलं, तुम्हाला एवढं अंतर कळलं नाही का हो? शेंगांची पिशवी बहिणीच्या हातात देत ते म्हणाले, “गाव पाण्यानं दूर नेलं. बहिणीले मी कायले दूर करू?”

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. आत्यांनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या तिखट वड्या तळल्या होत्या म्हणून बरं, तिखटाचं निमित्त मिळालं.

घरी आल्यावर नवरोबा दारातच उभे. किती भरले? मी बेधडक सांगितलं, आठ. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं मी कधी बोलले नव्हते… पण बाबूजींनी खिशातून चावी काढून लेकाच्या हातावर ठेवली आणि सत्तावीस म्हणून सांगितलं. मीटर खोटं बोलत नाही म्हणाले, आणि आत जाऊन पडून राहिले.

चावी हातात घेऊन आमचे हे असे उभे, जणू काही हरले तेच. आठवडाभर घरात कोणी किलोमीटर हा शब्द काढला नाही. फक्त काल संध्याकाळी मी भाजी निवडताना सहज बोलल्यासारखं बोलले की उद्या मला सुट्टी आहे, आणि आत्यांनी वड्या दिल्या तो डबा परत करायचा राहिलाय.

आज सकाळी सात वाजता दार उघडलं तर बाबूजी अंगणात. डोक्यावर माझ्या नवऱ्याचं हेल्मेट, हातात शेंगांची पिशवी. स्कूटर त्यांनी पहाटेच चार्जिंगला लावून ठेवली होती.

मला बघून म्हणाले, “चाल बेटा, लवकर जाऊन येऊ. अठीच त आहे.”

किलोमीटरचा कर उद्या आपल्याकडे आलाच, तर मी भरीन बापा, कुरकुर न करता भरीन. एवढ्या लांबच्या माणसाला जवळ धरून ठेवणारा सासरा मला मिळाला… आणि हो, आज निघताना आकडा मी शून्यावर आणला नाही.