पोकुआच्या जाळ्या आणि सेरवाचा खराटा

लिही, अबेना. काल तुझ्या शाळेत तो जंगलवाला पाहुणा आला आणि गंमत म्हणून सांगून गेला, की एका गावात अडाणी बायांनी संशोधनाच्या जाळ्या झाडून, साबण लावून लख्ख केल्या. सगळी पोरं हसली. तूही हसलीस, नाही म्हणू नकोस. ते गाव आपलं. आणि ती अडाणी बाई म्हणजे तुझी सेरवा आजी, ती बघ तिकडे कसावा सोलत बसलीय. त्याने अर्धंच सांगितलं, तेही त्याच्या सोयीचं. आता बस इथे आणि उरलेलं लिही.

आधी पोकुआचं नाव लिही. त्याने ते घेतलंच नाही.

पोकुआ आपल्याकडे आली तेव्हा तू रांगत होतीस. तिची आई कुमासी शहराच्या मोटारतळावर केंके विकायची. पहाटे उठून पीठ मळायचं, पानांत गुंडाळायचं, उकडायचं, आणि त्यावर पोरीला शिकवायचं. शिकवलं काय, तर जंगल. गिऱ्हाइकं आईला म्हणायची, अगं, नर्स कर तिला, बँकेत लाव. जंगलात जायला कॉलेज कशाला, आमच्या शेळ्या रोज जातात. आई ऐकून घ्यायची आणि केंके मोजून द्यायची.

कॉलेज संपल्यावरची ही तिची पहिलीच नोकरी. तिच्या वरचे साहेब डॉक्टर अंपोफो. डॉक्टर म्हणजे ताप बघणारे नव्हेत हां. पोकुआ एकदा तापाने फणफणली तेव्हा मी विचारलं, तुझ्या डॉक्टरांना निरोप धाडू का, तर अंथरुणातून म्हणते, "माआमे," मला आईच म्हणायची ती, "ते फक्त झाडांचे." तर या डॉक्टरांच्या हाताखाली दोघं होती. एक पोकुआ, आपल्या मागच्या खोलीत राहायची, आणि एक मुलगा, तो कुमासीला कचेरीत बसायचा. वर्षाअखेर दोघांतल्या एकाला डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी परदेशी धाडणार होते. पोकुआ बोलायची नाही, पण तिचा जीव त्यात अडकलेला होता. फुफूसाठी उकडलेला कसावा कांडताना मध्येच थांबायची, मुसळ वर धरून. मी ओरडायची, काय गं, माझी बोटं कुटायचीत का?

काम काय, तर पडणारी पानं गोळा करायची. काठीचं कडं, त्याला मच्छरदाणीची जाळी, खाली चार पाय, कमरेएवढी उंच. जाळी वाऱ्याने उलटू नये म्हणून आत एकेक गोटा. अशा जाळ्या आपल्या गावच्या जंगलात सगळीकडे लावलेल्या. वरून पान, काटकी, फूल, फळ, जे पडेल ते त्यात. पोकुआ ठरल्या दिवशी जायची, सगळं पिशव्यांत भरून आणायची आणि आपल्या कोकोच्या चटयांवर वाळत घालायची. एका चटईवर कोको, शेजारी पालापाचोळा. शेजारीण यायची आणि विचारायची, या पिकाला यंदा भाव काय आहे? पोकुआही हसायची. पानं वाळली की वजन करायची. जंगल किती टाकतं आणि त्यातलं किती परत खातं, ते बघायचं होतं म्हणे.

हे सगळं मला कधी कळलं? सगळं होऊन गेल्यावर. आधी नाही. आता लिही, कारण माझा राग इथेच आहे. डॉक्टर पहिल्यांदा आले होते, तेव्हा मुखियांच्या अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं. कुणाला? म्हाताऱ्या पुरुषांना. ते कोको बघतात, पाम वाइन पितात. जंगलात जातं कोण? गोगलगायी वेचायला, अळंबीला, मसाला बांधायच्या पानांना, आम्ही. आमच्यातल्या एकीलाही बोलावलं नाही. वर पोकुआला बजावलं, की जाळ्या कशासाठी आहेत ते गावात बोलायचं नाही, कळलं तर लोक हात लावतील. पहिली नोकरी पोरीची. तिने तोंड शिवून घेतलं.

मग पाऊस सुरू झाला आणि गोगलगायींचा हंगाम आला. पोकुआला तेव्हाच तो ताप. सेरवा, म्हणजे माझी नणंद, उजाडता उजाडता टोपली घेऊन जंगलात जायची. वाटेच्या कडेने पोकुआच्या जाळ्या दिसायच्या, पाल्याने भरून, भिजून खाली लोंबणाऱ्या. सेरवाला काय वाटलं, पोर आजारी आहे, तिच्याच्याने होत नाही, पाहुण्या पोरीचा कपडा असा घाणीत लोळतोय, लोक काय म्हणतील आपल्या गावाला. तिने जाळी झटकली, पुसली, गोटा धुऊन परत आत ठेवला. खालची जमीन खराट्याने झाडून काढली. मग पुढची. वाटेवरच्या सगळ्या. येता-जाता तिचं ते कामच होऊन बसलं. आणि कुणाला सांगितलंही नाही. अंगण झाडलं म्हणून सांगत सुटतं का कुणी?

पोकुआ बरी होऊन परत जाऊ लागली, तर वाटेवरच्या जाळ्यांत निघायचं ते जेमतेम मूठभर. ओढ्यापलीकडच्या मात्र भरलेल्या. तिला उलगडा होईना, पण निघालं तेवढंच तिने लिहिलं. दुसरी कुणी असती तर तिने अंदाजाने आकडे भरून टाकले असते.

ते आकडे कुमासीला पोचले आणि डॉक्टर न कळवता गाडी घेऊन दारात. मी आपल्या रीतीप्रमाणे पाणी आणलं. आलेल्याने आधी पाणी प्यायचं, मग आपण विचारायचं, काय काम काढलंत, मग त्याने सांगायचं, आपण सांगायचं. डॉक्टर आपल्यातलेच, त्यांच्या आजीनेही हेच केलं असणार. त्यांनी हाताने नको केलं आणि पिशवीतली आपली बाटली काढून प्यायले. झालं. आता मी काय विचारणार, आणि कुठल्या तोंडाने सांगणार? तरी मी त्यांच्या मागोमाग जंगलात गेले. पोरीला एकटं सोडवेना.

वाटेवरच्या जाळ्या पाहिल्या, रिकाम्या, लख्ख. वरून पानं पडतायत आणि जाळीत दोन-चार. डॉक्टर हसले, वाईट हसले. म्हणाले, "तू इथे येतच नाहीस. घरी बसून आकडे लिहितेस." पोकुआ म्हणाली, सर, ओढ्यापलीकडच्या बघा. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मग ओढ्याच्या पाण्याकडे, आणि म्हणाले, गरज नाही.

तेवढ्यात मला जाळीखालच्या जमिनीवर खराट्याचे फराटे दिसले. आणि अबेना, ते सगळे उलटे वळलेले. आपल्या गावात डाव्या हाताने झाडणारी एकच. मी पोकुआकडे बघितलं, तर तीही खालीच बघत होती. आमच्या अंगणात रोज बघायची ना ती ते फराटे. तिला कळलं. आणि ती पोर काय म्हणाली असेल? "चूक माझी आहे, सर."

डॉक्टरांनी तिला कामावरून काढलं, शनिवारच्या लॉरीने सामान घेऊन कुमासीला यायला सांगितलं आणि ते मुखियांकडे जेवायला निघून गेले.

घरी आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुला जीभ नाही का? चोर म्हणाला तो तुला, आणि तू चूक माझी म्हणतेस? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, माआमे, मागे एका गावात अशीच एक जाळी फाटली, तर डॉक्टरांनी बायकांची वाटच बंद करून घेतली. इथे बंद केली तर सेरवा एनो काय विकतील, काय खातील? मोठ्या बाईला ती मानाने एनो म्हणायची. तेवढ्यात सेरवा गोगलगायींची टोपली घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. सगळं ऐकलं होतं तिने.

मला वाटलं रडेल. ती कसली रडतेय. म्हणाली, "मी घाण काढली, चोरी नाही केली." पोकुआ हात जोडायला लागली, एनो, नका जाऊ, वाट बंद होईल. सेरवाने टोपली खाली आपटली. "गोगलगायी माझ्या आहेत. तोंडही माझंच आहे." आणि एका हातात खराटा, दुसऱ्यात पाण्याचा भोपळा घेऊन मुखियांच्या अंगणात चालायला लागली. आम्ही दोघी मागून.

डॉक्टर जेवून दात कोरत बसले होते. सेरवाने खराटा बाजूला ठेवला, भोपळा उजव्या हातात घेतला. मोठ्यांपुढे डावा हात करता येत नाही, आणि हिच्या उजव्याला सवय नाही, अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर. तिने भोपळा डॉक्टरांच्या पुढ्यात धरला. मुखिया बसलेत, त्यांच्या वतीने बोलणारा म्हातारा काठी धरून उभा आहे, सगळं अंगण बघतंय. तिथे बाटली कशी काढणार? प्यायले गुपचूप. प्यायले की ऐकणं आलंच.

सेरवा त्या काठीवाल्या म्हाताऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "साहेबांना सांगा, जाळ्या मी झाडल्या. पोर तापात होती. मला वाटलं, पाहुणीचं अंगण आहे. आणि हेही सांगा, की ते तोंड उघडून एकदा बोलले असते, हात लावू नका म्हणून, तर मी लांबून गेले असते."

डॉक्टरांनी काय करावं? चुकलो म्हणावं, नाही का? ते म्हणाले, ही तिला वाचवायला खोटं बोलत असेल. मग सेरवाने खराटा उचलला आणि मुखियांचं अंगण वाकून डाव्या हाताने झाडायला घेतलं, डॉक्टरांच्या पायांपर्यंत. त्यांना पाय वर घ्यावे लागले. मुखियांनी पाहुण्यांचा ड्रायव्हर जंगलात धाडला. तो ओढ्यापलीकडेही जाऊन आला, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाला, खाली हेच फराटे आहेत, आणि पलीकडच्या जाळ्या भरून वाहतायत.

तरी चुकलो नाहीच. म्हणाले, ठीक आहे, पोकुआ राहील. पण हंगामाची सगळी मापं वाया गेली, आणि आता काम संपेपर्यंत बायकांची वाट बंद.

पोकुआला नोकरी परत मिळाली होती, अबेना. गप्प बसली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. ती उभी राहिली. आवाज इतका बारीक, की म्हाताऱ्याने कानाशी हात नेला. "सर, वाट बंद केलीत तर मी जाते. उघडी ठेवलीत तर वाटेवरच्या जाळ्या मी ओढ्यापलीकडे हलवते, सगळ्या, एकटी हलवते. वाट यांची आहे." मुखियांनी तिच्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याच्या कानात बोलले, आणि म्हाताऱ्याने मोठ्याने सांगितलं, की जंगल गावाचं आहे, बायकांची वाट राहील, जाळ्यांचं काय ते डॉक्टरांनी ठरवावं.

ठरवलं त्यांनी. जाळ्या हलल्या. एकटीने कसल्या, आम्ही सगळ्या गेलो, कडी डोक्यावर घेऊन. प्रत्येकीने विचारलं, हे कशाला, ते कशाला, आणि पोकुआने पहिल्यांदा मोकळेपणी सांगितलं. त्यानंतर जाळीला कुणी बोट लावलं नाही. चार पानं जवळ पडली तरी बाया वळसा घालून जायच्या.

पण वर्षाअखेर परदेशी कोण गेलं? कचेरीतला मुलगा. डॉक्टरांनी कारण दिलं, की पोकुआच्या कामात खंड पडला. खंड. तो मुलगा ओढ्याच्या अलीकडेही कधी आला नव्हता. त्याचं नाव आडुसेई. काल तुझ्या शाळेत आला होता ना, तोच.

पोकुआ गेली शिकायला, पण फार मागून, स्वतःच्या हिमतीवर. आई तोवर वारली होती, तिने बघितलं नाही. आता पोकुआ दुसऱ्या जंगलात असते, हाताखाली पोरं आहेत. नव्या गावात गेली की पुरुषांकडे नंतर जाते, आधी विहिरीवर, बायांकडे. आपल्याकडे आली की दारातच पाणी मागते, सेरवाच्या हातचं, आणि सेरवा उजव्या हाताने देते, सांडत.

पुरे झालं. सेरवा म्हणतेय, मी साबण नाही लावला हेही लिही. लिही. उद्या हे शाळेत ने, आणि मास्तरांना म्हण, पाहुण्याने गंमत अर्धी सांगितली, उरलेली मी वाचते. हसलात तेवढ्याच मोठ्याने वाच.