ब्लेडबाई आणि मक्याची मुळं

माझी वहिनी मक्याची मुळं कापते. चेष्टा नाही, तिला त्याचाच पगार मिळतो. पीक संशोधन केंद्रात बावीस वर्षं ती एकाच खिडकीपाशी बसते, गाजराच्या तुकड्याला चीर पाडून त्यात मूळ धरते आणि दाढीच्या ब्लेडने इतके पातळ काप काढते की त्यांच्याखालची अक्षरं वाचता यावीत. सगळे तिला ब्लेडबाई म्हणतात. तिलाही ते आवडतं. मीही तिथेच, तिनेच चिकटवलेली, रोजंदारीवर. रोपांच्या दोन बंद कपाटांना पाणी आणि उजेड देणं हे माझं काम.

एका कपाटात मका पाण्यात बुडवलेल्या कुंड्यांत, दुसऱ्यात साध्या मातीत. मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की मका काय करतो, हे आमच्या साहेबांना बघायचं होतं. पाण्यातल्या मुळांत भोकं दिसायला हवीत, साध्या मातीतल्या मुळांत नकोत. या खेपेला दोन्हींत दिसली.

साहेबांनी वहिनीला बोलावलं. मी दारातच झारी घेऊन उभी होते.

"बाई, वय होतंय. हात थरथरतो तुमचा. कापताना मुळं फाटली आहेत. एवढं लिहिलंय, सही करा. एक तारखेपासून बाटल्या धुवायला बसा. पगार तोच."

वहिनीने कागद उलटा करून ठेवला. "फाटलेलं मला कळतं, साहेब. फाटलं की कड चुरगळते, चिंध्या लोंबतात. ही भोकं स्वच्छ आहेत. ही मक्याने पाडली आहेत."

"साध्या मातीत? कशाला पाडेल तो?"

"ते तुम्ही शोधा. साहेब तुम्ही आहात."

वा रे वा! मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. पण साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली, आणि बाहेर आल्यावर वहिनीने मला पाणी मागितलं आणि ग्लासभर एका दमात प्यायली. तिला लागलं ते पगाराचं नव्हे. त्या खिडकीतून उठवणं म्हणजे बावीस वर्षांचं तिचं काम खोटं ठरवणं.

संध्याकाळी घरी शेंगा सोलताना मी विचारलं, "पण वहिनी, मका स्वतःला भोकं पाडून घेतोच कशाला?"

"पाण्यात मुळाचा श्वास कोंडतो. मक्याच्या अंगात एक वायू तयार होतो, इथिलीन. साहेब त्याला संप्रेरक म्हणतात. एरवी तो उडून जातो. पाण्यात अडकतो, साठतो. साठला की मुळातल्या काही पेशींना हुकूम सुटतो, मरा! त्या मरतात, तिथे पोकळ्या होतात, आणि पानांकडची हवा त्यातून खाली टोकापर्यंत पोचते."

"बाई गं! स्वतःच्याच पेशी मारतो?"

"मग काय, गुदमरून मरायचं?" ती म्हणाली. "आणि गंमत म्हणजे, केळी पिकतात तीही याच वायूने, आणि पिकताना तोच बाहेर सोडतात."

माझा हात शेंगेवरच थांबला. तीन आठवडे मी साध्या मातीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, कुंड्यांमागे कच्ची केळी ठेवत होते. तिथे छान ऊब असते, चार दिवसांत पिकतात. दादाला आवडतात. एक फणी पिकली की दुसरी. वर स्वतःला हुशार समजत होते!

मी आणखी दोन मिनिटं शेंगा सोलत राहिले, जणू काही झालंच नाही. त्या दोन मिनिटांची मला आजही चीड येते. मग सगळं सांगून टाकलं.

"गाढव!" वहिनी ओरडली. शेंगांची परात माझ्या अंगावर येते की काय असं वाटलं. पण ती एकदम हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे भोकं खरी! माझा हात खरा!" मग हसू ओसरलं. "हे बघ, तू तोंड उघडायचं नाहीस. तुझी नोकरी कच्ची आहे. मी फक्त मका पुन्हा लावा म्हणेन."

"मी सांगणार."

"नाही सांगायचं."

"मी तुझी नणंद आहे. तुझं ऐकायचं असं कुठे लिहिलंय?"

सोमवारी सांगितलं. साहेब लालबुंद झाले. "बाईंना वाचवायला हे रचलं नाहीस कशावरून?"

"तपासा ना," वहिनी म्हणाली. "नवा मका लावा. एक साधा, एक पाण्यातला, एक केळ्यांसोबत. कुठलं मूळ कुठलं ते मला सांगू नका. तुमच्यासमोर कापते."

महिनाभराने तिने साठ काप काढले. एकदाही मान वर केली नाही. साहेब मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक बघत गेले. साधी मुळं भरीव. पाण्यातल्यांत भोकं. केळ्यांसोबतच्या मुळांतही भोकं, अगदी तशीच. साहेबांनी तो जुना कागद स्वतः फाडला. मग मला म्हणाले, "कपाटांच्या किल्ल्या ठेव इथे. उद्यापासून बाटल्या धू."

"धुते," मी म्हटलं. "चूक माझीच होती. पण मी बोलले नसते तर तुम्ही खोटं छापलं असतं, हेही लिहून ठेवा." जीभ माझी, मी काय करू!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनी धुण्याच्या खोलीत आली. नळ बंद केला. "हात पूस. चल."

तिने मला खिडकीपाशी नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. हातात ब्लेड दिलं.

"अगं, साहेब ओरडतील."

"ओरडू देत. एक दिवस माझा हात खरंच थरथरेल. तेव्हा ते तू ओळखायचंस, आणि माझ्या तोंडावर सांगायचंस. साहेबांनी नाही."

माझा पहिला काप नाण्याएवढा जाड निघाला. तिने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि टाकून दिला.

"पुन्हा," ती म्हणाली.